अंतरपाटाखाली

मनीषनगर, नागपूर
८ मार्च २०२६

चि. विक्रमला मामाचे अनेक आशीर्वाद.

तब्येत कशी आहे बाबा? झोप लागते? कानातली शिट्टी थांबली का? तुझ्यासोबतच्या श्रीधरचा खोकला? आणि चौकीवरचा कुत्रा? ड्रोनचा आवाज आधी त्यालाच येतो म्हणाला होतास, म्हणून त्याचीही चौकशी घरच्यासारखी करतो. इकडे तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, माझी साखर वरखाली. भैरवी सासरी रुळते आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

तिच्या लग्नातलं कोणी मनात ठेवलं नाही. म्हणजे, तिचे सासरे म्हणाले, "फौजी गडी, अन् खेळण्याले भ्याला!" चार लोक हसले. जगाच्या तोंडाला झाकण थोडंच बसवता येतं?

परवा फोटोवाल्या अर्णवच्या दुकानात गेलो होतो. ड्रोन उडवताना त्याच्या हातातल्या पडद्यावर जे दिसलं, तेच त्याने दाखवलं. मंगलाष्टकं चाललीत. तो ओरडतो, "सगळ्यांनी वर पाहा!" सारा मांडव माना वर करून हसतो. तेवढ्यात तू अंतरपाट हिसकावतोस, भैरवीला खाली बसवतोस, तुम्हा दोघांवर तो ओढून घेतोस आणि ओरडतोस, "वर पाहू नका गा!"

मग न जेवताच तू स्टेशनवर गेलास.

पण विक्रम, प्रत्येक चेहऱ्यावर एक बारीक पिवळी चौकट होती. "काका, मशीन चेहरे खुदच शोधते. मले सांगा नाही लागत." तुझ्या आईवर चौकट. माझ्यावर. कामिनीच्या तान्ह्या लेकरावर. अंतरपाटावर तेवढी नव्हती. यंत्राच्या लेखी तिथे माणूसच नव्हतं.

पूर्वी शिपायाला मान ताठ ठेव म्हणत. तुम्ही ड्रोन चुकवायला वाटांवर जाळ्या बांधून खाली मान घालून चालता, ते तू सांगितलंस तेव्हा मला गंमत वाटली होती.

भैरवीने तो अंतरपाट घडी करून उशाशी ठेवलाय. म्हणते, "दादाले सांगा, मले लाज नाही वाटली. त्याचं काळीज धडधडून राहिलं होतं, तेच आठवते."

काल गच्चीवर पापड वाळत होते. डोक्यावर गुणगुण आली. असेल कोणा पोराचं खेळणं. तुझ्या आईने मान वर न करता पापडांवर चादर ओढली आणि माझा हात धरून मला आत आणलं. "काहून वं?" मी विचारलं. तिने दाराला कडी लावली. गुणगुण घरावरच होती. थांबली का, ते पाहायला आम्ही बाहेर गेलो नाही.

सुट्टी घेऊन ये. अंगणावर हिरवी जाळी बांधून घेतली आहे. शेजाऱ्यांना सांगितलं, कबुतरांसाठी.

उत्तर लवकर लिही. कुत्रा अजून भुंकतो ना, तेही लिही.

तुझा,
गिरिधरमामा