खिडकीखालचा खड्डा

माय, तुले अन् बाबाले तुह्या धम्माचा जयभीम.

मी बरा आहो. दवाखान्यातली नोकरी ठीक चालू आहे. थंडी आहे, पण तुही गोधडी आहे.

परवा तू फोनवर खुशीनं सांगतलं का मधल्या खोलीतला खिडकीखालचा खड्डा बुजवला अन् फरशी बसली. मी "बरं झालं" म्हटलं. बाकीचं लिहून राह्यलो.

इथं इंग्रजाच्या मुलखात पहिले कापडाच्या गिरण्या होत्या. एका बंद गिरणीत आता जुन्या वस्तू मांडल्या आहेत. सुटीत पाहाले गेलो, तर तिथं आपल्या वऱ्हाडातल्या विणकराचा फोटो! माणूस जमिनीवर बसला आहे, समोर माग, अन् पाय खाली खड्ड्यात. माय, तो आपलाच खड्डा होता. आपण त्यात कांदे ठेवले.

खाली लिहिलं होतं, इंग्रजानं तिकडचा कापूस इकडं आणला, इथलं कापड तिकडं विकलं, अन् तिकडचे माग बंद पडले. आपल्या घरात कापड विणत होते, अन् आपल्याले हे कोणी सांगतलंच नाही. आपण सोताले दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणारेच समजत राह्यलो.

तू वेचणीले जातंच का अजून? बोटाले मलम लावत जाय.

बाबाले काही म्हणू नको, त्यायनं हौसेनं फरशी बसवली. पण त्या खड्ड्यावरची खिडकी एवढी खाली काऊन ठेवली, असं तू नेहमी विचारत होती ना? खाली बसलेल्या माणसाच्या सुतावर उजेड पडावा म्हणून, माय.

तुहा,
धम्मरत्न