ताईच्या उंबरठ्यावरचा पेला

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पण काल खाणीतले तुमचे जोडीदार बळीराम काका यांना मी एक गोष्ट विचारली. ते म्हणाले, "मले काऊन इचारून राह्यला? तुह्या बापालेच इचार." म्हणून विचारतो आहे.

ताईच्या स्वयंपाकघराची जमीन खचली आहे. ओट्यापासून मागच्या भिंतीपर्यंत भेग गेली आहे. तिच्यात माझं बोट जातं. खाणीच्या ऑफिसातून एक साहेब येऊन गेले. "खालची पोकळी रेतीनं भरलेली आहे, काळजी करू नका," म्हणाले आणि ठेवलेला चहा न घेताच निघाले. इतकी घाई कशाची होती?

तुम्हीच मला ही भरणी समजावली होती. पिपरी मेघेला आपल्या घराचं काम चाललं होतं, तेव्हा रेतीच्या ढिगाजवळ बसून. कोळसा काढला की खाली पोकळी राहते. वरची जमीन बसू नये म्हणून तिचं तोंड बांबू आणि पोत्यांनी बंद करायचं, वरून पाइपानं रेती-पाणी सोडायचं. पाणी पोत्यातून झिरपतं, रेती आत राहते. बाहेर निवळ पाणी आलं की समजायचं, भरलं. तुम्ही त्या तोंडाशीच बसायचे ना?

मग ताईकडे गेल्यावर तुम्ही असे का वागायचे? थंडीतही तुमची खाट अंगणात. "आत उकडते," म्हणायचे. आणि आल्याबरोबर पितळी पेला काठोकाठ भरून उंबरठ्यावर ठेवायचा, पाणी कोणत्या बाजूने सांडतं ते वाकून बघायचं. ताई हसायची. "बाबा, घराले पाणी पाजता का?" तुम्ही म्हणायचे, "पाजून पाह्यतो, पिते का." आम्ही सगळे हसायचो. तुम्ही हसत होता का, ते मला आता आठवत नाही.

काल बळीराम काकांना मी सोडलं नाही. तंबाखू मळता मळता बोलले. "त्या दिवशी निवळ पाणी आलं. तुह्या बापानं भरलं म्हणून इशारा देला. पाइप बंद केला. मंग वरचा माणूस सांगते, रेती तं कवाचीच सरली होती, नुसतं पाणीच जाऊन राह्यलं होतं."

"मग पुन्हा भरलं नाही?"

"तोंड तं पक्कं करून टाकलं होतं. कोन खोलते बापा?"

ताईचं घर त्याच्याच वर आहे, हेही त्यांनी खाली बघत सांगितलं.

बाबा, तुम्ही वर कुणाला बोललात का? की गप्प राहिलात? ताईचं स्थळ तर त्यानंतर आलं. होकार देताना तुम्हाला ठाऊक होतं का? नव्हतं, असं मी धरून चालतो. पण पहिल्या दिवाळसणासाठी ताईला आणायला गेलो, तेव्हाच तुम्ही पेला ठेवून जमिनीचा कल बघितला होता. मी तिथेच होतो.

तुमच्यावर संशय घ्यायला मला आवडत नाही. चूक कुणाचीही होते. पण पेला ठेवण्याऐवजी एकदा सांगितलं असतं, तर ताई तुमच्यावर रागावली असती आणि त्या घरातून निघाली असती. आज ती लेकीला, पिंकीला, घेऊन तिथेच झोपते. फोनवर म्हणाली, "बाबा असते तं पेला ठेवून सांगतलं असतं, घर चांगलं हाय म्हनून."

मी उद्या सकाळच्या एसटीने जातो आहे. दोघींना पिपरी मेघेला घेऊन येईन, भाऊजींनाही समजावीन. ताई कारण विचारेल. तेव्हा तुमच्यासारखं उकाड्याचं नाव सांगणार नाही, हा माझा शब्द. निघण्याआधी उंबरठ्यावर पेला भरून ठेवीन, आणि या वेळी पाणी कोणत्या बाजूने सांडतं ते ताईला बघू देईन.

तुमचा,
मधू