आईच्या खोलीतला एसी

४ मे, सोमवार

वारा येतो, गारवा येत नाही! सकाळपासून आईच्या खोलीत एसीखाली तोंड वर करून उभा. मान अवघडली.

आईला पक्षाघात होऊन आज चाळीस दिवस. हातपाय थोडे हलू लागलेत, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, ‘झोप झाली तर मेंदू सावरेल. या उकाड्यात झोप लागणार कशी? खोली थंड ठेवा. आणि त्यांच्याशी बोलत राहा.’ म्हणून तर हा एसी घेतला, जुन्या बाजारातून.

बायको म्हणाली, ‘मेकॅनिकला बोलवा.’ मी म्हटलं, तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय, हे एक खोकं जमणार नाही? ‘अहो, काटा आहे का तो? दोन्हीकडे सारखं केलं की झालं!’

माहितीपुस्तिका शोधली. पाच भाषांत आहे, एकही धड येत नाही. दुपारपर्यंत चित्रं पाहिली. शेवटी बायकोने रिमोट हातात घेतला. त्यावर पंख्याचं चित्र होतं, तिने बर्फाचं आणलं. गारवा सुरू!

परवा रिमोट मीच ओल्या फडक्याने पुसला होता. कुठलं बटण दाबलं गेलं, देव जाणे. हे तिला सांगितलेलं नाही.

५ मे, मंगळवार

गारवा आहे, पण कुणी लांबून फुंकर घालावी तसा. झाकण उघडलं. आतल्या जाळीवर धुळीची गोधडी! जाळी धुतली. पुस्तिकेत सावलीत वाळवतानाचं चित्र आहे. मी विचार केला, आत वारा आहेच, तिथे वाळेल. ओलीच बसवली.

तासाभरात खोलीत भिजलेल्या कुत्र्याचा वास. जाळी पुन्हा काढली, वाळवली, बसवली. हे सगळं आईला सांगत होतो — डॉक्टरांनी बोलत राहा म्हटलंय ना. ती भिंतीकडे बघत होती.

६ मे, बुधवार

आईच्या उशीवर थेंब! खाट सरकवली, बादली ठेवली.

एसीतलं पाणी बाहेर नेणारी नळी मागच्या भिंतीवरून लोंबते. ती तुंबली असणार, हे बरोबर ओळखलं. मग तोंड लावून जोरात फुंकलं. आतून बायको ओरडली, ‘अहो, इकडे कारंजं उडालं!’ म्हणजे फुंकायचं नाही, ओढायचं. ओढलं. सकाळी ज्या तोंडाने देवाचं नाव घेतलं, त्याच तोंडात हिरवा गाळ!

बायको हसून हसून भिंतीला टेकली. ‘आता थुंका तरी!’

नळी मात्र मोकळी झाली.

७ मे, गुरुवार

आज काही बिघडलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून जास्त लिहीत नाही.

८ मे, शुक्रवार

लागलीच.

दुपारी ऐन उन्हात एसी बंद पडला. अर्ध्या तासाने सुरू, पुन्हा बंद. गच्चीवर गेलो. बाहेरचा भाग चटका बसेल इतका तापलेला. आणि मला गावची शाळा आठवली. माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं की पाणी का गार होतं, हे गुरुजींनी मलाच फळ्यासमोर उभं करून विचारलं होतं. उत्तर बरोबर आलं होतं. छत्तीस वर्षांनी विद्या कामी आली! दोन गोणपाटं भिजवली, त्या खोक्याला चारी बाजूंनी गच्च गुंडाळली, वर सुतळी. खाली येऊन आईला सांगितलं, ‘आता बघ.’

दहा मिनिटांत जो बंद पडला, तो पुन्हा सुरूच झाला नाही.

आई दुपारभर तळमळली. केस घामाने कपाळाला चिकटलेले. डोळा लागला नाही. पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला मान वर करवेना. हे सगळं तिच्या झोपेसाठी चाललं होतं, की मला शाबासकी हवी होती?

देवासमोर बसलो. रोज आईची वाचा मागतो. आज आधी स्वतःसाठी अक्कल मागितली. मग मेकॅनिकला फोन केला.

९ मे, शनिवार

मेकॅनिक बाई निघाली. तिशीतली, खांद्याला पिशवी, पायऱ्या दोन-दोन चढणारी. गच्चीवर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘दादा, हे कुणी केलं?’

मी सुतळीकडे बघत राहिलो.

‘घरातली उष्णता इथून बाहेर पडते. तुम्ही याचं नाक-तोंड बांधलंत! जीव गुदमरला बिचाऱ्याचा.’

‘माठाला बांधतात तसं...’

‘माठाच्या पोटात पंखा असतो का दादा?’

मागे बायको खोकली. तो खोकला नव्हता.

गोणपाटं सोडली, जाळ्यांतली धूळ पाण्याच्या फवाऱ्याने धुतली, वर सावलीला पत्रा लावून घेतला — पण हातभर अंतर सोडून. तासाभरात खोली गार. जाताना म्हणाली, ‘सव्वीसवर ठेवा. त्याखाली नेऊ नका.’

आई दोन तास झोपली. गाढ! मी दाराशी बसून तिचा श्वास ऐकत होतो.

१० मे, रविवार

आजही दोन तास. सव्वीसवर दोन, तर अठरावर किती? उद्या करून बघतो. शाळेत त्रैराशिक माझं पक्कं होतं.

११ मे, सोमवार

दुपारी आकडा अठरावर नेला आणि झोप लागण्याची वाट बघत खाटेशी उभा राहिलो. पाऊण तास झाला. आईने चादर हनुवटीपर्यंत ओढली. ओठ हलले. मी वाकलो.

‘मुडद्या... गार.’

बायको पिठाचे हात घेऊन धावत आली. मी एसी बंद केला. ‘पुन्हा म्हण,’ म्हटलं.

तिने पुन्हा म्हटलं.