रजिस्टरवरच्या सह्या

सेलू,
१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

प्रिय सरिता,
तुले अन् धनंजयरावांले आशीर्वाद. आमी बरे आहो. तुह्या वहिनीचा गुडघा आता कमी दुखते. वांगी चांगली निघाली, आमच्या शालूसंगं पाठवली. तू फोन उचलत नाई, म्हणून चिठ्ठीबी पोरीच्याच हाती देल्ली.

राखीले आलतीस तवा म्हणालीस, "दादा, तुमी बॉयलरवर जिंदगी काढली. आमच्या यायले मिलमधी बॉयलरवर लावलं, पण शिकवलं कोणी नाई. तुमी शिकवा ना." मी विषय बदलला अन् तू रागानं निघून गेलीस. काऊन बदलला, ते आज लिहितो.

जाम गावच्या त्या तेलाच्या मिलमधी भिंतीवर लटकलेलं सर्टिफिकेट माहं आहे. बॉयलर पेटता असला की सर्टिफिकेटवाला माणूस तिथं हजर पाहिजे, असा कायदा आहे. मी दोन वर्षांपासून फक्त रजिस्टरात हजर आहो. महिन्यातून एकदा जातो, सगळ्या तारखांच्या सह्या करतो, पैसे घेतो अन् येतो. आग सांभाळते तुहा नवरा.

काल गेलतो. पाणी दाखवणारी काच गाळानं काळी झालेली. जास्तीची वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं आवळून बांधलेला. मी इचारलं तं धनंजयराव हासले. "वाफ सुटली का मालक ओरडते, भाऊ. तुमची सही आहे ना? मंग भेव कायचं?"

अशी वाफ कोंडली तं बॉयलर फुटते. तार कापाले गेलो, तं मालकानं ढकलून बाहेर काढलं. "उद्या एक दिवस बंद राहीन. पण सीझन आहे, शनिवारी पेटवतोच," म्हणे. धनंजयरावांनी मान हलवली, माह्याकडं पाह्यलं नाई.

आज नागपूरले बॉयलरच्या ऑफिसात सगळं लिहून देल्लं, माह्या खोट्या सह्यांसकट. सर्टिफिकेट जाईन, जाऊ दे. पण तिथले साहेब तपासाले सोमवारी येनार.

उद्या शनिवार, सकाळी सात वाजताची पाळी आहे. धनंजयरावांचा फोन बंद आहे. त्यायले निघू देऊ नको. भांड, रड, गाडीची चाबी लपव. आताच यायले पाहिजे होतं, पण तुह्यासमोर उभं राहाची हिंमत झाली नाई. सकाळी साडेपाचले दारात येतो. बोलू नको वाटलं तं नको बोलू, पण त्यायले घरात ठेवजो.

तुह्या नवऱ्याले त्या आगीपुढं उभा करणारा,
तुहा दादा
महादेव