अकरा नंबरचं पत्र

प्रिय दादा,

सकाळपासून तिसऱ्यांदा हे पत्र लिहायला बसतेय. दोन ओळी झाल्या की उठते, आईच्या खोलीत डोकावते, परत येते. पायाला भिंगरी लागलीय म्हण हवं तर.

आई जेवते, पेपर उलटा धरून वाचते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, म्हणजे अजून शाबूत आहे. पण चादरीचे कोपरे गादीखाली दुमडायला लागली की तासन् तास तेच. आपण त्याला 'परेड' म्हणायचो, आठवतं? लग्नाआधी चार वर्षं ती लष्करी इस्पितळात नर्स होती, एवढंच आपल्याला ठाऊक. हात जायबंदी झालेल्या जवानांची पत्रं ती लिहून द्यायची, असं एकदा जेवताना ती सांगायला लागली होती. तू म्हणालास, आई, आधी वाढ, भूक लागलीय. मी खिदळले. तिनं वाढलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तुला एकट्याला दोष देत नाही रे. प्रश्न विचारून जगाला भंडावते म्हणून तूच माझं नाव कटकट ठेवलंस, आणि आईला मी एक प्रश्न विचारला नाही. आता विचारते, तर ती खिडकीबाहेर बघत बसते. त्याची इतकी चुटपुट लागते की एका जागी बसवत नाही.

परवा मला ताप होता, म्हणून दुपारी तिच्याच पलंगावर पडले होते. ती खुर्ची ओढून उशाशी बसली, मांडीवर वही, हातात पेन. म्हणाली, अकरा नंबर, बोला, घरी काय कळवायचं? मला अहो-जाहो, दादा! 'मी तुझी मुलगी', असं ओठांवर आलं होतं. पण कपाची बशी धरतानाही थरथरणारा तिचा हात अगदी स्थिर होता. पत्र कुणाला म्हणून मी तुझं नाव सांगितलं, दादा. मग मजकूर सांगितला: इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस.

तिचा डोळा लागल्यावर वही पाहिली. माझ्या मजकुराखाली तिनं आपणहून लिहिलं होतं: 'पेशंट हट्टी आहे, खरं सांगणार नाही. जवळचं माणूस हवं आहे. लवकर या. — सिस्टर.' अशी ओळ तिनं किती घरांना धाडली असेल, कोण वेळेवर पोचलं असेल, काही म्हणजे काही आपल्याला माहीत नाही. तो कागद सोबत घातलाय. मी सांगितलेलं खोटं आहे, तिनं लिहिलेलं खरं. मी थकलेय, दादा. तू ये. या वेळी तू तिला वाढ, समोर बस आणि विचार.

तुझीच,
कटकट