बिघाडाचे आठ दिवस

बुधवार, ता. ९

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की काहीतरी काम आठवायचं, आणि निवृत्त माणसाला कामं नसतात हे तुला पक्कं ठाऊक, त्यामुळे सबब सांगायचीही सोय नाही. तब्येत बरी आहे. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात, वजन कमी करा. त्यांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं असतं, पण आपण बोलून वाईट कशाला व्हायचं.

तू पाठवलेला अर्ज मिळाला. सरकारने नदीपलीकडच्या लोकांची माफी मागू नये, असं वर छापलेलं, खाली तुझी सही, आणि तिच्याखाली माझ्यासाठी मोकळी ओळ. तू लिहिलंस, "ज्यांनी माझं पोर मारलं त्यांच्यापुढे आपण मान खाली घालायची? आधी त्यांनी माझ्या दारात येऊन माफी मागावी. सही करून लगेच पाठव, नेहमीसारखा घोळ घालू नकोस."

घोळ घातलाच. तुझा धाकटा जितकी वर्षं जगला त्याहून जास्त वर्षं आता त्याला जाऊन झाली. मला तो अजून सायकलवरून पडून गुडघे फोडून घेणाराच दिसतो. तुझा राग मला परका नाही.

इथे सगळीकडे हाच विषय. परवा न्हाव्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "काका, आज माफी मागितली की उद्या भरपाई मागतील." शेजारच्या खुर्चीतले मास्तर तोंडाला साबण असतानाच ओरडले, "चूक केली तर मागायला नको?" दोघांची चांगलीच जुंपली. मग न्हाव्याने मला विचारलं. माझ्या गळ्यावर त्याचा वस्तरा, मी काय बोलणार? हसलो. हल्ली असं हसून वेळ मारून न्यायचाही कंटाळा येतो.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. गेल्या महिन्यात युद्धाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाच्या एक बाई माझ्याकडे येऊन गेल्या. तरुण आहेत, बोलायला मऊ. माफीचा मसुदा दाखवला. त्यात लिहिलंय, युद्धात नदीपलीकडच्या शहराचं पाणी तीन दिवस तोडल्याबद्दल आमचा देश माफी मागतो; पुढचे आठ दिवस पंपातल्या बिघाडामुळे पाणी सुरू होऊ शकलं नाही, त्याबद्दल खेद वाटतो. बाईंनी आमच्या पंपघराची जुनी नोंदवही पुढे केली. म्हणाल्या, "अक्षर तुमचंच ना? नोंद खरी आहे, एवढी सही द्या, म्हणजे झालं." मी म्हटलं, आज चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या नाकावर होता. त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली.

शुक्रवार

पत्र दोन दिवस तसंच पडून होतं. आज पुरं करतो, नाहीतर होणारच नाही.

ताई, बिघाड झालाच नव्हता.

पंपघरातून दोन मोठे पाइप निघायचे, एक आपल्याकडे, एक पुलावरून त्यांच्याकडे. हुकूम तीन दिवसांचा होता. रेडिओवर तसं जाहीरही केलं होतं, म्हणून तिकडच्या लोकांनी घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवलं. त्यांच्या पाइपाचा व्हॉल्व्ह मी बंद केला. चाकाचे एकशे चाळीस फेरे. भराभर फिरवलं तर पाण्याच्या धक्क्याने पाइप फुटतो, म्हणून जपून, चाळीस मिनिटं लावून फिरवला. आत्ता आठवलं की मला माझीच किळस येते. सगळी काळजी पाइपाची होती.

चौथ्या दिवशी सकाळी उघडायचा हुकूम आला. मी चाकाला हात घातला आणि शिपाई तुझी तार घेऊन आला. धाकटा गेल्याची.

मी चाकावरचा हात काढला. नोंदवहीत लिहिलं, पंप नादुरुस्त. नोकरीत त्याआधी एकही खोटी नोंद केली नव्हती, त्यामुळे कोणी बघायलासुद्धा आलं नाही.

पलीकडच्या टाकीवर एक माणूस होता. युद्धाआधी बारा वर्षं आम्ही रोज सकाळी फोनवर बोलायचो, पाण्याची पातळी किती, दाब किती. तोंड कधी पाहिलं नाही. धाकटा परीक्षेत पहिला आला ते मी त्याला सांगितलं होतं, तर म्हणाला, "मामावर गेला म्हणायचा!" पाणीखात्याची ती लाइन युद्धातही तोडलेली नव्हती. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला.

"अहो, तीन दिवसांचं बोलणं होतं ना? लोकांनी तेवढंच भरलंय."

"पंप बिघडलाय."

"आवाज येतोय की पंपाचा."

आपल्या शहराला पाणी चालूच होतं ना. मी फोन ठेवून दिला. नवव्या दिवसापर्यंत तो रोज वाजायचा. मग वाजायचा थांबला.

लोकांनी नाल्याचं पाणी प्यायलं. जुलाबांनी माणसं गेली, जास्त करून पोरं आणि म्हातारी. आयोगाच्या अहवालात तीनशे बारा आहेत. पहिल्या तीन दिवसांत त्यातलं एकही नाही.

बाराव्या दिवशी मीच व्हॉल्व्ह उघडला. दया आली म्हणून नव्हे. दमलो होतो.

तू रडताना माझा हात धरून म्हणाली होतीस, तू एकटाच माझ्या बाजूचा आहेस. तेव्हा सांगायला हवं होतं. जमलं नाही, आणि मग दरवर्षी आणखी अवघड होत गेलं.

तुझ्या अर्जावर मी सही करत नाही. देशाने माफी मागावी, असंच मला वाटतं. त्यांनीही तुझी मागावी, शंभरदा मागावी. पण त्यांची येईपर्यंत आपली अडवून धरायची, हे मला पटत नाही. आणि मागायची तर अकरा दिवसांची मागावी. या मसुद्याची माफी म्हणजे मी फोनवर त्या माणसाला जे सांगितलं तेच पुन्हा सांगणं आहे, फक्त या वेळी सरकारी शिक्क्यासह.

येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी आयोगाच्या कचेरीत जाऊन सगळं सांगणार आहे. पुढे काय होईल माहीत नाही. या वयात तुरुंगात घालतील की नुसतं पेपरात छापतील, याची भीती आता फारशी वाटत नाही. भीती तुझी वाटते.

कारण ते विचारणार, का केलंत? कारण एकच आहे, आणि ते तुझं आहे. धाकट्याला यातलं काही माहीत नव्हतं, त्याने कोणाचं पाणी तोडलं नसतं. त्याचं नाव त्या तीनशे बारा जणांच्या शेजारी लिहिलं जावं का, हे मी ठरवू शकत नाही. तू नको म्हणालीस तर घेणार नाही. बुद्धी फिरली होती म्हणेन, आणि आयुष्यातली शेवटची खोटी नोंद करेन. त्या सोमवारपर्यंत कळव. काही कळवलं नाहीस तरी मी जाणार आहे.

अजून म्हणत असशील तर,
तुझा भाऊ