ड्रममागची जागा

प्रिय केसी,

रविवारी तुझा फोन ठेवल्यापासून मी एका जागी बसलेली नाही. शेगडी घासून झाली, पडदे धुऊन झाले. तुझ्या गादीवर नवी चादर घातली, मग ती आवडली नाही म्हणून काढून दुसरी घातली. बाबा म्हणाले, "लॉरेन, बस की जरा. तुझी धावपळ बघून माझे गुडघे दुखायला लागले." त्यांचे गुडघे तसेही दुखतातच, पण बर्फ उपसायला शेजारच्याला बोलवू म्हटलं की तोंड फुगवतात. आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे, तरी डाव्या पायाची टाच काही खाली टेकत नाही.

नॅशव्हिलमधलं सगळं असं संपावं, ह्याचं मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं दुसऱ्याच्या गाण्यामागे गावोगाव वाजवत हिंडायचं आणि एका सकाळी 'आता गरज नाही' एवढंच ऐकायचं. तू फोनवर हसून सांगितलंस. मी तुझी आई आहे, ते हसू कसलं होतं ते मला कळलं. आपलं मिलवॉकी तू सोडून गेलास तसंच आहे. सरोवरावरून येणारा वारा कानाला चावतो. चर्चच्या सभागृहात शुक्रवारी तळलेले मासे मिळतात आणि बाबा दर शुक्रवारी म्हणतात की मागच्या वेळी जास्त कुरकुरीत होते. त्या वेळीही हेच म्हणाले होते.

तळघराचं मात्र तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं नाही. प्रत्येक फोनला सांगणार होते आणि प्रत्येक वेळी तुझ्याकडेच इतकं काही घडत असायचं की माझं पोटातच राहायचं.

तू गेल्यावर तुझ्या बँडमधले ओडेसा आणि मार्लन खाली तळघरात यायचे थांबतील असं मला वाटलं होतं. पण त्यांना तालमीला दुसरी जागा कुठली? ओडेसाच्या घरमालकाला तिचं गाणं सोसत नाही आणि मार्लनच्या खोलीत गिटार ठेवली तर तो मावत नाही. तुझा ड्रम चादरीखाली झाकलेला, आणि ठेक्यासाठी त्यांनी एक छोटं यंत्र आणलं होतं. मी धुण्याच्या मशीनपाशी टॉवेलांच्या घड्या घालत ऐकायची. ते यंत्र कधी चुकायचं नाही, पण ओडेसा एखाद्या ओळीवर जरा रेंगाळली तरी तिच्यासाठी थांबायचंही नाही. ती वैतागायची. एकदा ते बंदच पडलं. मार्लन बटणं दाबत बसला होता आणि ओडेसा गातच राहिली. मी नकळत मशीनच्या झाकणावर दोन्ही हातांनी ठेका धरला. गाणं संपल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लॉरेन, हे कुठे शिकलीस?"

तुला हे कधी सांगितलेलं नाही. तुझे आजोबा लग्नांत पोल्काच्या नाचाला ड्रम वाजवायचे तेवढं तुला माहीत आहे. ते जेवायला उठले की मला स्टुलावर बसवायचे, आणि लोक नाचत राहायचे. आपल्या हाताखाली अख्खं सभागृह नाचतं आहे, ही काय चीज असते ते तुला वेगळं सांगायला नको. मग मी तेरा वर्षांची झाले आणि तुझी आजी म्हणाली, "पुरे आता. असं पाय फाकून बसायचं वय गेलं." पुढच्या लग्नात मी स्वयंपाकघरात बश्या विसळत होते आणि स्टुलावर तुझा मामा बसला होता. त्याला ताल कशाशी खातात ते माहीत नव्हतं. मी रडले वगैरे नाही. विसळता विसळता पायाने ठेका धरत राहिले, आणि तेव्हापासून ती सवय कधी गेली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, तिथल्या बायका म्हणायच्या, तुझ्या पायांना कसली घाई असते गं.

तर मी चादर काढली. आधी नुसती धूळ पुसायला म्हणून, मग ते दोघं नसताना, मग ते असताना. मार्लन अजून मला 'मिसेस गुरस्की' म्हणतो. "मिसेस गुरस्की, तुम्ही जरा जोरात मारलंत तरी चालेल. तो ड्रम आहे, अंडं नाही." बाबा वरून ओरडायचे, "ह्या वयात बायका विणकाम करतात." मी खालून म्हणायची, "तेच करते आहे, आवाज येतो एवढंच." हल्ली ते कानातलं ऐकायचं यंत्र काढून ठेवतात आणि निवांत पेपर वाचतात.

ऑक्टोबरात आमचा पहिला कार्यक्रम झाला, रिव्हरवेस्ट भागात, कुणाच्या तरी तळघरात. पायऱ्यांवर एका मुलीने माझ्या हातात कोट दिला, "आजी, हा कुठे ठेवता?" मी तो घेतला आणि ड्रममागच्या खिळ्याला माझ्या कोटाशेजारी टांगला. मी स्टुलावर बसले तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण पहिलं गाणं मी पार घालवलं. इतकी घाबरले होते की ठेका पळतच सुटला, ओडेसाला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही, त्यात उजव्या हातातली काठी निसटून लोकांत गेली. उरलेलं गाणं मी एका काठीने आणि तळहाताने वाजवलं. पुढची गाणी बरी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका दाढीवाल्या पोराने मला मिठी मारली. ओडेसाने मारली नाही. ॲम्प्लिफायर गाडीत चढवताना ती म्हणाली, "पहिल्या गाण्याची तू वाट लावलीस. उद्या तेच एक वाजवायचं, नीट बसेपर्यंत." पाहुण्यांना असं कुणी बोलत नाही, केसी. घरी येताना मी गाडीत एकटीच हसत होते.

त्यानंतर हिवाळाभर आम्ही वाजवतो आहोत. आणि आता उन्हाळ्यात सरोवराकाठच्या उत्सवात आम्हाला बोलावलं आहे. दुपारची वेळ आणि कडेचा मंच, पण बोलावलं आहे. तू सहावीत असताना त्या मंचापुढच्या कुंपणाला धरून उभा होतास आणि मी ओढूनही हलत नव्हतास. ते मला आठवतं, म्हणूनच हे लिहिताना मधेच उठून दोनदा कॉफी केली आणि दोन्ही वेळा गार होऊ दिली.

रविवारी तू म्हणालास, "ड्रम पुसून ठेव आई, माझी जागा तर आहेच, ओडेसाला मी सांगतो." तू सांगितलंस. काल ती आली, बूट न काढताच दारात उभी राहिली. म्हणाली, "मी त्याला काही उत्तर दिलेलं नाही. तुम्हा मायलेकांच्या मधे मी पडणार नाही. तू स्टुलावरून उठलीस तर त्याला घेऊ. नाही उठलीस, तर नाही उठलीस. पण तुझं तू ठरव, आणि त्याला तूच सांग." आणखीही एक गोष्ट म्हणाली, ती मी लिहिणार नाही. बाबांना विचारलं तर ते गुडघे चोळत म्हणाले, "तो पोरगा आहे आपला." मी म्हटलं, ते मला माहीत आहे. मग ते म्हणाले, "पण वाजवतेस तू बरं." लग्नाला इतकी वर्षं झाली, यंत्र कानात असताना त्यांनी ऐकलं कधी, ते मला ठाऊक नाही.

तू माझ्यापेक्षा चांगला वाजवतोस. ह्यात मला काही शंका नाही, आणि तू ठेच खाऊन घरी येतो आहेस हेही कळतं. ताटातला मोठा तुकडा तुझ्याकडे सरकवायची माझ्या हाताला सवय आहे. फोनवर बोलले असते तर हाही सरकवला असता, आणि तुला पत्ताही लागला नसता. म्हणून हे पत्र. ही जागा मी देणार नाही, केसी. ड्रम तुझा आहे, तो तुझ्या खोलीत नेऊन ठेवला आहे, मी माझ्यासाठी जुना दुसरा घेतला. ह्या गावात ड्रमवाल्यावाचून अडलेले बँड पुष्कळ आहेत, मार्लन तुला त्यांच्याकडे नेईल. तू रागावशील. रागाव, पण घरी येऊन रागाव. खोली तयार आहे, तुझ्या आवडीची सॉसेजं आणून ठेवली आहेत. मंगळवारी तुझी बस आली की घ्यायला बाबा येतील. मला यायला जमणार नाही, त्या वेळी आमची तालीम असते.

तुझीच,
आई